ट्विस्ट आवडला, पण दुसऱ्यांदा पाहिलात का? ('स्पेशल २६' आणि दरोड्याचे सिनेमे)

आधीच सांगतो, खाली शेवट उघड केलेला आहे. 'स्पेशल २६' किंवा 'ओशन्स इलेव्हन' पाहिले नसतील तर इथेच थांबा, आधी सिनेमे बघा.

दरोड्याच्या सिनेमावर बोलणं सुरू झालं की दोन मतं हमखास येतात. एक, 'शेवटी काय फिरवलंय, डोकं बधिर झालं!' आणि दुसरं, 'सगळं खोटं आहे, असं कुठे होतं का?' दोन्ही मतं पहिल्यांदा पाहून थिएटरबाहेर पडतानाची असतात. अशा सिनेमाची खरी परीक्षा दुसऱ्यांदा पाहताना होते, कारण तेव्हा उत्तर आपल्याला माहीत असतं आणि दिग्दर्शकाने ते कुठे कुठे लपवलं होतं हे तपासता येतं.

नीरज पांडेचा 'स्पेशल २६' फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. अजय (अक्षय कुमार), शर्माजी (अनुपम खेर) आणि त्यांचे दोन साथीदार सीबीआयचे तोतया अधिकारी बनून धाडी घालतात. पहिली धाड दिल्लीत एका मंत्र्याच्या घरी. 'मंत्र्याने लगेच तक्रार का नाही केली?' ही शंका बऱ्याच जणांना येते, आणि खरं तर सगळा सिनेमा तिच्यावरच उभा आहे. गेलेला पैसा हिशेबाबाहेरचा. तक्रार करायची तर आधी तो घरात होता हे कबूल करावं लागणार. म्हणून मंत्री गप्प बसतो, कोलकात्याचा व्यापारी गप्प बसतो, आणि चोरांना फरार होण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही. लुटलेल्या माणसाची अडचण हेच त्यांचं कवच.

काळ १९८७ चा आहे, हेही धरून चाला. मोबाइल नाही, शहराबाहेर फोन लावायचा तर बऱ्याचदा ट्रंक कॉल (एक्स्चेंजमार्फत जोडून मिळणारा फोन). दारात उभा असलेला साहेब खरा की खोटा हे त्या पाच मिनिटांत कळणार कसं? सफारी, ओळखपत्र, टाइप केलेला कागद आणि चढा आवाज एवढ्यावर भागतं. खरी झडती अशी होत नाही. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे परिसरातले किमान दोन स्वतंत्र पंच लागायचे, जप्त मालाची यादी त्यांच्यासमोर करून सह्या घ्याव्या लागायच्या आणि घरमालकाला तिची प्रत मिळायची. पण हे विचारायला ज्याच्या मनात चोर नाही असा माणूस लागतो, आणि टोळी नेमकी अशा माणसांना टाळते.

आता मुंबईचा भाग. इथे योजनेत एक मोठा बदल आहे, ज्याकडे फार कमी जणांनी लक्ष दिलं. सराफाच्या दुकानातला माल वहीवर असतो. तो गप्प बसणार नाही, दहाव्या मिनिटाला पोलिसांत जाईल. म्हणजे जुनं कवच संपलं. मग नवं कवच काय? तर खुद्द सीबीआय. वसीम खान (मनोज बाजपेयी) या टोळीच्या मागावर आहे, तो शर्माजींचा फोन टॅप करतो, त्याला सगळी योजना कळते आणि तो दुकानात सापळा लावतो. खबरदारी म्हणून खरे दागिने दुकानातून काढून कारखान्यात हलवले जातात आणि दुकानात नकली माल मांडला जातो. टोळीला हेच हवं असतं. सगळा पहारा दुकानात, माल कारखान्यात, आणि टोळीची माणसं सीबीआयच्याच नावावर कारखान्यातून तो घेऊन जातात. दिल्लीच्या धाडीत फसलेला आणि आता वसीमला मदत करणारा इन्स्पेक्टर रणवीर सिंग (जिमी शेरगिल) टोळीचाच माणूस निघतो.

'वसीमने त्यांना आधीच का नाही पकडलं? चोरांनी त्याच्या निर्णयावर एवढा भरवसा कसा ठेवला?' हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण असल्या सिनेमांतला हाच नेहमीचा रोग आहे. शत्रू अमुकच वेळी अमुकच करेल यावर योजना टांगलेली असते आणि तो तसंच का करेल याचं कारण पटकथेत कुठेच नसतं. 'स्पेशल २६'मध्ये ते आहे, आणि पहिल्याच धाडीत पेरलेलं आहे. आधीच्या धाडींत लुटलेले लोक साक्ष द्यायला उभे राहणार नाहीत. वसीमकडे संशय आहे, टॅप केलेला फोन आहे, फिर्यादी नाही. त्याला रंगेहाथ पकडण्यावाचून दुसरा रस्ताच उरत नाही. पहिल्या अर्ध्या तासात जे चोरांचं कवच होतं, तेच शेवटी वसीमला सापळ्याकडे ढकलतं. हे बांधकाम मी मनापासून मानतो.

कच्चा दुवा आहे तो दागिने हलवण्याचा. दुकानात नकली माल ठेवायचा हे सावध अधिकाऱ्याला सुचेल, पण खरा माल कारखान्यातच जाईल असं नाही. बँकेच्या लॉकरमध्ये गेला असता तर? आतला माणूस बातमी पोचवू शकतो, प्रत्येक निर्णय घडवून आणू शकत नाही. इथे सिनेमा नशिबावर चालतो आणि वेगामुळे ते आपल्या ध्यानात येत नाही.

'स्पेशल २६'ला आधार असलेली मुंबईतली खरी घटना मार्च १९८७ ची. मोहन सिंग या नावाने आलेल्या एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ताज हॉटेलात उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, निवडलेल्यांना ऑपेरा हाउसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी या पेढीवर नेलं, धाडीचं नाटक केलं, दागिन्यांची बॅग उचलली आणि त्या पोरांना पहाऱ्यावर ठेवून निघून गेला. तो कधीच सापडला नाही. ही खरी हकिगत सरळ रेषेत जाते, तिच्यात फिरवाफिरवी काही नाही. वसीम, फोन टॅपिंग, कारखाना हे सगळं लेखनातलं. म्हणून 'सत्य घटनेवर आधारित आहे, मग ट्विस्टवर शंका कशाला?' हा युक्तिवाद चालत नाही. ट्विस्टचा हिशेब लेखकालाच द्यावा लागतो.

तुलनेला २००१ चा 'ओशन्स इलेव्हन' घ्या. तीन कॅसिनोंची एकच तिजोरी. कॅसिनोमालकाला सुरक्षा कॅमेऱ्याच्या पडद्यावर जी चोरी दिसते ती आधीच उभारलेल्या नकली तिजोरीतलं चित्रीकरण असतं. त्यांपैकी बेलाजिओ या कॅसिनोचं बोधचिन्ह तिजोरीच्या जमिनीवर नुकतंच बसवलेलं आहे आणि पडद्यावरच्या जमिनीवर ते नाही, एवढ्यावरून मालकाला उमगतं. हा पुरावा प्रामाणिक आहे, नकली तिजोरी आपण सराव करताना पाहिलेली असते. पण गाडीत भरलेल्या पिशव्यांत शेवटी नोटांऐवजी जाहिरातींचे कागद निघतात. ते कागद तिजोरीत गेले कधी? खरे पैसे तर नंतर आलेल्या खोट्या स्वॅट पथकाने (पोलिसांच्या खास सशस्त्र तुकडीच्या वेषातल्या टोळीने) नेले, आणि पिशव्या त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. सिनेमा हे दाखवत नाही. इतकी वर्षं प्रेक्षक यावर भांडतायत आणि ते बरोबरच भांडतायत. दरोड्याच्या सिनेमात वस्तू कुठे आहे याचा माग प्रत्येक मिनिटाला लागला पाहिजे. माणसं खोटं बोलली तर चालतं, पिशवीने खोटं बोलून कसं चालेल?

याहून गंभीर गुन्हा म्हणजे कॅमेऱ्याने खोटं दाखवणं. हिचकॉकच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये (१९५०) सुरुवातीचा फ्लॅशबॅकच खोटा निघतो. प्रेक्षक चिडले, आणि पुढे हिचकॉकने स्वतःही ती चूक मानली. लपवणं वेगळं, खोटं दाखवणं वेगळं. पात्राच्या तोंडी आलेलं वाक्य आपण तपासून घेतो, डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग तपासत नाही. तो विश्वास मोडला की पुढची कुठलीच गोष्ट पटत नाही.

ज्यांना ट्विस्टचाच कंटाळा आलाय त्यांच्यासाठी श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार' (२००७) आहे. एका व्यवहारात पाच जण प्रत्येकी पन्नास लाख घालतात, एकूण अडीच कोटी, आणि गद्दार कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळतं. इतर पात्रांना ते कधी कळणार यावर ताण उभा राहतो. लिहायला हे जास्त अवघड, कारण शेवटच्या दहा मिनिटांत झाकता येण्यासारखं काही उरत नाही.

'स्पेशल २६'मधलं प्रेमप्रकरण उगाच लांबवलंय, ही तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. अजयला हे शेवटचं काम का करायचंय, एवढं सांगायला दोन प्रसंग पुरले असते. गाणी लागतात तिथे धाडीची टिकटिक बंद पडते.

दुसऱ्यांदा बघणार असाल तर रणवीर सिंगवर नजर ठेवा. तो चिडतो, हताश होतो, वसीमपुढे बाजू मांडतो, तेव्हा प्रत्येक वेळी चौकटीत समोर कोण आहे ते पाहा. समोर फसवायचा माणूस असेल तर ते नाटक टोळीच्या कामाचं होतं. तो एकटाच असेल आणि तरीही फसल्यासारखा चेहरा करत असेल, तर ते नाटक फक्त आपल्यासाठी होतं. असा एखादा प्रसंग सापडला तर मिनिटासकट कमेंटमध्ये लिहा, त्यावर नीट बोलू.