पट्टी बांधलेले सैनिक: फोटो वेगळा, चित्र वेगळं

पहिल्या महायुद्धाबद्दलची एक पोस्ट पुन्हा पुन्हा फिरते. वर काळा-पांढरा फोटो, खाली जॉन सिंगर सार्जंटचं ‘गॅस्ड’ हे चित्र. दोन्हींत डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले ब्रिटिश सैनिक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत. मजकूर असा: ‘मस्टर्ड गॅसने कायमचे आंधळे झालेले सैनिक. याच फोटोवरून हे चित्र काढलं. यातले बहुतेक पुढे मेले.’ यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही.

‘याच फोटोवरून चित्र काढलं.’ फोटो १० एप्रिल १९१८ चा, फ्रान्समधल्या बेथ्यूनजवळच्या उपचार केंद्रावरचा. सैनिक ५५ व्या डिव्हिजनचे. सार्जंटने आपला प्रसंग त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्याच अरास शहराच्या नैर्ऋत्येला ल बाक-द्यू-सूद इथे स्वतः पाहिला. सोबत हेन्री टाँक्स होता, मूळचा शल्यविशारद आणि नंतर चित्रकार झालेला. सार्जंटला काम मिळालं होतं ते ब्रिटिश-अमेरिकन सैन्याच्या सहकार्यावरचं. त्याने निवडली ही रांग. सुमारे २.३ मीटर उंच आणि ६.१ मीटर रुंद असं हे चित्र १९१९ मध्ये पूर्ण झालं.

चित्र नीट पाहा. एक सैनिक पाय गरजेपेक्षा खूप वर उचलतोय, कारण पुढे पायरी आहे एवढंच त्याला कळलंय, ती केवढी हे दिसत नाही. दुसरा रांगेतूनच बाजूला वळून ओकतोय. मागे, लांबवर, फुटबॉलचा सामना चाललाय. यातलं काहीही त्या फोटोत नाही.

‘मस्टर्ड गॅसने.’ चित्राबाबत बरोबर. फोटोच्या संग्रहालयातल्या नोंदीत मात्र अश्रुधूर म्हटलंय. पट्टीखालच्या डोळ्यांवरून वायू ओळखता येत नाही, त्यामुळे नोंद डावलून आपलं नाव चिकटवणं चूकच.

‘कायमचे आंधळे.’ ही सर्वांत मोठी चूक. मस्टर्ड गॅस खरं तर तेलकट द्रव आहे. तोफगोळा फुटला की त्याचे थेंब उडतात, जमिनीत मुरतात आणि थंडीत कित्येक दिवस टिकतात. लागल्याबरोबर दुखत नाही, म्हणून सैनिक मास्क लवकर काढत. त्रास काही तासांनी सुरू होई. आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, मग पाणी, मग पापण्या इतक्या सुजत की डोळे उघडतच नसत. उजेड सहन होत नसे. पट्टी असे ती यासाठी. उपचार साधा: भिजलेले कपडे उतरवायचे, डोळे पुन्हा पुन्हा धुवायचे, अंधारात ठेवायचं. बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत परत आली. बुबुळाला खोल इजा झालेल्या थोड्यांचं नुकसान कायमचं राहिलं, काहींना तर वर्षांनंतर त्रास उलटला. तेही सांगायलाच हवं.

‘बहुतेक मेले.’ ब्रिटिश सैन्यात मस्टर्ड गॅस लागलेल्यांपैकी मृत्यू साधारण शंभरात दोन-तीन. ते मुख्यतः श्वासनलिका भाजून आणि मग फुप्फुसात संसर्ग होऊन. या अस्त्राचं काम मारण्यापेक्षा माणसं आठवडेच्या आठवडे आघाडीवरून बाद करणं हे होतं, आणि त्या कामात ते भयंकर यशस्वी ठरलं.

पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर दोन चित्रं, दोन ओळी: फोटोखाली ‘बेथ्यूनजवळ, १० एप्रिल १९१८’, चित्राखाली ‘सार्जंट, १९१९, प्रसंग ल बाक-द्यू-सूद, ऑगस्ट १९१८’.