अलायन्स पाहिजे

आतेभावाच्या लग्नाची इंग्रजी जाहिरात लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारा मीच. आत्याने रद्दीतल्या वहीच्या पानावर सुरुवात करूनच आणली होती : 'अलायन्स इन्व्हायटेड'. खाली उंची, पगार, स्वतःची गाडी.

"आत्या, अलायन्स म्हणजे काय ठाऊक आहे का?"

"सोयरीक. सगळेच घालतात."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण शब्दाचं मूळ दिसलं की माझी जीभ वळवळते. म्हटलं, लॅटिनमध्ये 'अलिगारे' म्हणजे एखाद्याला कशाला तरी बांधून टाकणं. तिथून फ्रेंचांच्या हातून सातशे वर्षांपूर्वी शब्द इंग्रजीत आला, तोही दोन घराण्यांतली सोयरीक याच अर्थाने.

"मग मी बरोबरच लिहिलंय की."

बरोबर होतं, तेच तर झोंबलं. मग मी वसईचा तह बाहेर काढला. "31 डिसेंबर 1802. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केली ती अलायन्सच. आपण तैनाती फौज म्हणतो बघ. त्यांची सहा हजारांची पलटण कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चाला 26 लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून द्यायचा, आणि बाहेर कुणाशी बोलायचं तर आधी त्यांना विचारायचं. 1818 मध्ये राज्यच गेलं!"

आत्याचा चेहरा पडला. "अरे, परवा वसईचंच स्थळ आलंय. मुलगी एकुलती एक. घरजावई तर नाही ना मागणार?"

तेवढ्यात मन्या डोकावला. "गाडीला अलॉय व्हील्स आहेत, तेही टाक."

"अलॉयही त्याच अलिगारेचं पोर!" मी जवळजवळ ओरडलोच. "धातूला धातू बांधला की झाला अलॉय."

मन्या काही न बोलता दार लोटून गेला. मुलगी त्याला बघायला येणार होती, मला नाही, याचं त्याला बरं वाटलं असावं.

आत्याने पान माझ्या हातातून काढून घेतलं, 'अलायन्स' खोडून वर मराठीत 'स्थळ पाहिजे' लिहिलं आणि उठायला गेली. गुडघा कटकन वाजला. "लिगामेंट," ती कण्हत म्हणाली.

मी तोंड उघडलं.

"तेही त्याच घरातलं असेल. कळलं. आता तो पट्टा घे आणि जरा घट्ट बांध."