पेट्रोलच्या पैशात इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता निघत नाही

एक संदेश सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, हिशेब तोच असतो. इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला एक रुपयात चालते. वाचलेल्या पेट्रोलच्या पैशात कर्जाचा हप्ता निघतो, म्हणजे गाडी फुकटच पडते. किंमत तर आता पेट्रोल गाडीएवढीच झाली आहे. वरून सरकारचं अनुदान आणि दीड लाखाची करसवलत. देखभाल शून्य, बॅटरी आयुष्यभराची, चार्जिंग घरच्या प्लगवर. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आता पेट्रोल गाडी घेणारा मूर्खच.

मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात नाही. त्या रस्त्यावर वाढाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा संदेश खटकतो. ज्याच्या घरात पहिलीच चारचाकी येणार आहे, असा माणूस हे वाचून सहा लाखांचा बेत दहा लाखांवर नेतो आणि सात वर्षांचं कर्ज काढतो. त्याचा हिशेब फसला की तो ते दहा जणांना सांगतो, आणि बदनाम होते ती गाडी. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘किलोमीटरला एक रुपया’

हा आकडा निघतो तो असा: वीज सात-आठ रुपये युनिट आणि एका युनिटवर सात-आठ किलोमीटर. छोटी गाडी शहरात तेवढी जाते, हे खरं आहे. फक्त प्लगपासून बॅटरीपर्यंत थोडी वीज वाया जाते आणि मीटर तीही मोजतो. म्हणून साडेसहा किलोमीटर धरणं बरं.

खरी गफलत विजेच्या दरात आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क) आणि वीजशुल्क (सरकारचा कर) धरलं तर मधल्या टप्प्यात युनिट साधारण १३ रुपयांना पडतं आणि ३०० च्या पुढे १६ रुपयांच्या आसपास जातं. गाडीची युनिटं घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणजे ती कायम वरच्याच टप्प्यांत मोजली जातात. स्वस्त १०० युनिटं फ्रिज, पंखे आणि गिझरने आधीच खाल्लेली असतात.

समजा घरचा वापर महिन्याला १८० युनिटांचा आहे आणि गाडी ६०० किलोमीटर चालते. गाडीला लागली ९२ युनिटं, सगळी १३ रुपयांची. खर्च झाला किलोमीटरला जवळजवळ दोन रुपये. हीच गाडी १,८०० किलोमीटर चालली तर पावणेतीनशे युनिटं लागतील, त्यातली निम्म्याहून अधिक ३०० च्या पलीकडची. दर मग सव्वादोनच्या पुढे जातो. मुंबईत वीज कंपनी वेगळी, दर वेगळे, पण टप्पे तिथेही आहेत. बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटी धरून युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. तिथे किलोमीटर तीन रुपयांच्या वर जातो.

यावर उपाय आहेत, पण संदेश त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. वाहन चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे. त्या वर्गात स्वतंत्र जोडणी घेतली तर घरगुती टप्प्यांचा फेरा टळतो आणि दर बराच उतरतो. ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांना दुसरा उपाय सौर पॅनेलचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान मिळतं, आणि एवढा संच महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटं देतो. घर आणि गाडी दोन्ही त्यावर बऱ्यापैकी भागतात. एक रुपयाचा दावा खरा ठरण्याच्या जवळ येतो तो इथेच. पण त्यासाठी छप्पर स्वतःचं हवं, आणि पॅनेलचे उरलेले पैसेही खिशातूनच जातात.

‘वाचलेल्या पैशात हप्ता निघतो’

संदेशातला सर्वांत घातक भाग हाच. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि छोट्या गाडीचं शहरातलं खरं मायलेज १६ धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये लागतात. वीज दोन रुपयांची. ६०० किलोमीटर चालवणाऱ्याचे महिन्याला २,७०० रुपये वाचले. आठ लाखांच्या कर्जाला नऊ टक्के व्याजाने सात वर्षांचा हप्ता जवळपास १२,९०० रुपये बसतो. उरलेले दहा हजार कोण भरणार?

हप्त्याशी तुलना मुळातच चुकीची आहे, कारण पेट्रोल गाडीलाही हप्ता असतोच. विचारायचं ते एवढंच, की जास्तीचे मोजलेले पैसे किती वर्षांत परत येतात. फरक तीन लाखांचा असेल तर महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्याला नऊ वर्षांहून अधिक लागतील. १,८०० चालवणाऱ्याचे दरमहा साडेसात हजार वाचतात आणि त्याचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत सुटतात. तळेगावहून रोज पुण्यात येणारा किंवा पनवेलहून ठाण्याला जाणारा नोकरदार या दुसऱ्या गटातला. सणावाराला, लग्नकार्याला आणि रविवारी गाडी काढणारं कुटुंब पहिल्या गटातलं, आणि गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गात अशी घरं मला कितीतरी दिसतात.

हिशेबातून एक प्रतिस्पर्धी पार गायब केलेला आहे, तो म्हणजे सीएनजी. महाराष्ट्रात जो रुपया-रुपया मोजून गाडी घेतो, तो इलेक्ट्रिकची तुलना पेट्रोलशी करत नाही, सीएनजीशी करतो. सीएनजीची वॅगन आर सहा लाखांच्या आसपास मिळते. कंपनीचा दावा किलोला ३४ किलोमीटरचा आहे. शहरात २४ धरले आणि गॅस किलोला नव्वदच्या पुढे धरला, तरी खर्च किलोमीटरला चार रुपयांच्या आत राहतो. विजेशी फरक उरला पावणेदोन-दोन रुपये. ६०० किलोमीटरला हजार-अकराशे. एवढ्यासाठी दोन-तीन लाख जास्त घालायचे का, हा प्रश्न संदेशाला नकोच आहे. पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी हा सीएनजीचा त्रास खरा, पण तो त्रास सोसून लोक ती घेतात ते याच आकड्यांमुळे.  

‘किंमत आता सारखीच’

नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून अंतर वाढलं. त्या दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर २०१९ पासून ५ टक्केच आहे, तो तसाच राहिला. टाटा टियागोच घ्या: पेट्रोलची सुरुवात साडेचार लाखांच्या थोडी वर आली, इलेक्ट्रिकची शोरूम किंमत तेव्हा ७.९९ लाखांपासून होती. तीही १९.२ किलोवॉट-तासांच्या (म्हणजे तेवढ्याच युनिटांच्या) लहान बॅटरीची, जी रोजच्या वापरात दीडशे-एकशेसाठ किलोमीटर देते. मोठी बॅटरी घेतली की दहा लाखांच्या घरात गेलात.

इथे एक गोष्ट मात्र इलेक्ट्रिकच्या बाजूची आहे, आणि संदेशवाल्यांना तीच सुचलेली नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर लागतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर ६६,००० रुपये वरून द्यावे लागतात. म्हणून शोरूमच्या किमती समोरासमोर ठेवूच नका, रस्त्यावर येईपर्यंतची रक्कम दोन्हीकडून लेखी मागा.

‘पाच लाखांत इलेक्ट्रिक’ ही जाहिरात बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेची असते. एमजी कंपनीने २०२४ मध्ये कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक गाडी ४.९९ लाखांत देऊ केली, बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये. त्यात विजेचे दोन मिळवले की झाले साडेचार, म्हणजे सीएनजीपेक्षा महाग. शिवाय अशा योजनांत महिन्याचं किमान अंतर ठरलेलं असू शकतं. तेवढं भाडं द्यायचंच, गाडी चालो वा अंगणात उभी राहो. करारातलं हे कलम आधी वाचा.

‘सरकार अनुदान आणि दीड लाखाची करसवलत देतं’

दीड लाखाची सवलत म्हणजे आयकर कायद्याचं ८० ईईबी कलम, कर्जाच्या व्याजावरचं. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आज कर्ज काढणाऱ्याला ती मिळत नाही, आणि तरीही ही ओळ अजून फिरते आहे. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम-२ योजनेत खासगी वापराच्या कारला अनुदान नव्हतं, नंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. तिथला पैसा दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका यांच्याकडे गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

राहिलं राज्याचं धोरण. २०२५ च्या धोरणात करमाफी आहे, प्रोत्साहन रकमेची तरतूदही आहे. पण रक्कम बिलातून थेट वजा झालेली दिसत नसेल तर ती मिळालीच असं समजून कर्ज ठरवू नका. याच धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अटल सेतूचा एका वेळचा टोल २५० रुपये. रोज त्यावरून जाणाऱ्याला ही माफी विजेच्या बचतीपेक्षा मोठी आहे. फास्टॅगमधून पैसे कापले जाण्याच्या तक्रारीही झाल्या, तेव्हा सुरुवातीचे काही महिने खातं तपासत राहा.

‘देखभाल शून्य’

इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेक कमी झिजतात. सर्व्हिसिंगचा खर्च खरोखर कमी होतो. शून्य होत नाही, कारण टायर, सस्पेन्शन, एसी आणि १२ व्होल्टची बॅटरी आहेच. विम्यात तृतीय पक्षाच्या (थर्ड पार्टी) हप्त्याला १५ टक्के सूट आहे, पण तिचा जीव केवढा? १,००० ते १,५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, ३० ते ६५ किलोवॉटची मोटर असलेल्या इलेक्ट्रिकला २,९०४. बचत ५१२ रुपये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र किमतीवर ठरतो, आणि महाग गाडीला तो जास्तच बसतो.

‘बॅटरी आयुष्यभर’

या बाबतीत दोन्हीकडच्या अफवा मोडायला हव्यात. पाच वर्षांत बॅटरी भंगारात जाते हे खोटं आहे. बहुतेक कंपन्यांची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे. ६०० किलोमीटरवाला तेवढं अंतर बावीस वर्षांतही कापणार नाही. बॅटरीचा भावही उतरतो आहे. २०२४ मध्ये जगभरातली सरासरी किलोवॉट-तासाला ११५ डॉलरपर्यंत आली, २०१० मध्ये ती हजार डॉलरच्या वर होती.

‘आयुष्यभर’ हा शब्द काही निवडक मॉडेलांपुरता खरा आहे, आणि तोही पहिल्या मालकापुरता. टाटाने २०२५ मध्ये दिलेली तशी हमी म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं. गाडी विकली की नव्या मालकाला ती तशीच मिळत नाही. त्यामुळे विकताना भाव पडतो. चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर हा तोटा आधीच हिशेबात धरा. उलट, कमी पैशात इलेक्ट्रिक हवी असेल तर तीन वर्षांची जुनी गाडी बघा. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मागा आणि हमी हस्तांतरित होते का ते लेखी घ्या. सामान्य घराला परवडणारी इलेक्ट्रिक कार आज मला तरी तिथेच दिसते.

‘चार्जिंग घरच्या प्लगवर’

घरचा प्लग आणि गाडी एकमेकांजवळ असतील तर. सांगली, नाशिक, लातूरच्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये हे सहज जमतं. १५ अँपियरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग, रात्री लावायची आणि सकाळी काढायची. छोट्या बॅटरीला एक रात्र पुरते. अशा घरांनी एवढंच बघायचं, की जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या सोसायटीत गाडी लागते फाटकाबाहेर, मीटर तळमजल्याच्या खोलीत, आणि कमिटी म्हणते पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू. तिथला माणूस महिनाभर फास्ट चार्जरवर अवलंबून राहतो, किलोमीटरला तीन रुपयांच्या वर देतो, आणि सीएनजीच्या तुलनेतली बचत तिथेच जवळपास संपते. असं घर असेल तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी कमिटीकडे अर्ज द्या, वायरमनला बोलावून मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या केबलचा अंदाज घ्या, आणि परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका.