परदेशी आकडे आणि आमचं उपकेंद्र

‘डब्ल्यूएचओचे निकष म्हणजे परदेशी साहेबांचे कागद. त्यानं खेड्यातला एक जीव वाचत नाही, नर्सबाईचा दिवस मात्र जातो.’ आमच्या तालुक्यातल्या ग्रुपवर हा मेसेज महिनाभर फिरतो आहे. तिन्ही गोष्टी एकेक करून बघू.

परदेशी? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. अशाच प्रयोगांच्या आधारे २००९ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनं बाळंतिणीच्या घरी जाण्याची शिफारस केली, २०११ पासून देशभरच्या आशाताई ते करताहेत. आता याला परदेशी म्हणायचं तर म्हणा बापा.

जीव वाचत नाही? २००४-०६ मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. हे सगळं निकषांनी केलं असं नाही; रस्ते झाले, १०८ नंबरची रुग्णवाहिका आली. पण मोजायचं काय, हे निकषांनी ठरवलं. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांत, गरोदरपण-बाळंतपणाशी जोडलेल्या कारणानं बाई गेली तर तो मातामृत्यू, ही व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे. ती नसती तर विसाव्या दिवशी गेलेल्या सुनेबद्दल गाव म्हणालं असतं, ‘ताप आला न गेली.’ कुणी विचारलंही नसतं, की रक्त किती गेलं होतं, गाडी किती वाजता बोलावली, रेफर कुठं केलं. नवजात बाळासाठीची आशाताईची शेवटची घरभेटही ४२व्या दिवशीच असते.

नर्सबाईचा दिवस जातो, हे मात्र खरं. एकच नोंद रजिस्टरात, मग पोर्टलवर, मग व्हॉट्सॲपवर फोटो! हा वैताग आमच्या सिस्टरकडून मी कितीदा ऐकला आहे. आणि जे मोजलं जातं तेच वाढतं, हेही खरं. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणाऱ्या २००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाया दवाखान्यात येऊ लागल्या, पण लेबर रूममध्ये त्यांचं काय होतं याकडे बघणारा केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम यायला २०१७ उजाडलं.

मेसेजवाल्यानं बोलायला हवं होतं ते वेगळंच. लाख जन्मांमागे मातामृत्यू २०३० पर्यंत ७०च्या खाली, हे जागतिक उद्दिष्ट. महाराष्ट्र २०१८-२० मध्येच ३३ वर होता. म्हणजे मुंबईत बसून बघितलं तर काम फत्ते! त्या सरासरीत मेळघाटातले धारणी, चिखलदरा, गडचिरोलीतलं भामरागड असे आदिवासी तालुके दिसत नाहीत. त्यातून पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तिथं काही झालं, तर सासरचं उपकेंद्र म्हणतं नोंद माहेरी, माहेरचं म्हणतं सासरी. पुढच्या आमसभेत टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना मी हेच विचारणार आहे: गेल्या वर्षी तालुक्यातल्या किती बाळंतिणी अशा दोन रजिस्टरांच्या मधे राहिल्या?