चार मिलिमीटर

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मेडिकलच्या काउंटरवर अण्णा पाकिटातली नोट चाचपत होते. अण्णा म्हणजे माझे काका, जन्मापासून अंध. फार तर वीस सेकंद झाली असतील. मागचा एक जण म्हणाला, "आजोबा, आणा इकडे, मी काढून देतो," आणि सरळ पाकिटाला हात घातला! अण्णांनी पाकीट छातीशी घट्ट धरलं. काही बोलले नाहीत.

या माणसाने चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्यात हो. कुठे एक पट्टी सैल राहिली तर नुसता तळवा फिरवून सांगायचे. तांदूळ मुठीत घेतला की जुना की नवा, लगेच कळायचं. आणि नोटा? जुनी दहाची 137 मिलिमीटर, शंभरची 157, पाचशेची 167. बोटांत धरली की हिशोब संपला. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून शंभराच्या जागी दहाची दिली, तर हसत माझाच कान पकडला होता.

आता दोनशेची 146, पाचशेची 150. रुंदी दोन्हींची 66. चार मिलिमीटरवर माणसाने तीनशे रुपये सांभाळायचे! कडेला उठावाच्या रेघा आहेत, मान्य. पण दहा खिसे फिरून लिबलिबीत झालेल्या नोटेवर त्या लागतात का हाताला? नोट ओळखून बोलणारं ॲप 2020 मध्ये आलं, तेही मान्य. एका हातात काठी, दुसऱ्यात औषधांची पिशवी, मग मोबाइल कशात धरायचा? आणि कृपा करून यूपीआय सांगू नका. त्या काचेला ना कड, ना खाच.

एक मात्र सांगते. वीस रुपयांचं ते बारा कडांचं नाणं अण्णांना फार आवडतं. शर्टाच्या खिशात वेगळं ठेवतात. "हे करताना कुणाला तरी आमची आठवण झाली," म्हणतात.

पण ते छातीशी धरलेलं पाकीट काही डोळ्यांपुढून जात नाही. डोळस माणसाला पैसे मोजताना कुणी असा हात घालेल?

घरी आल्यावर मी डोळे मिटून दोनशे आणि पाचशे ओळखायला बसले. सलग तीनदा चुकले. अण्णांनी माझं बोट धरून नोटेच्या कडेवर ठेवलं.

"दाबू नकोस गं. हलकं फिरव. घाई कसली?"