वकील आत गेला की त्याच्या पक्षकारांचं काय होतं?

५ मार्च २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपात शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा आणि सहआरोपींना निर्दोष सोडलं. पुरावा टिकत नाही आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायला दिलेली मंजुरीही कायद्याला धरून नाही, असं निकालात स्पष्ट आलं. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात साईबाबांच्या बाजूने हा खटला लढवणारे ॲड. सुरेंद्र गडलिंग त्या दिवशी तळोजा तुरुंगात होते. २०२५ संपलं तेव्हाही ते तिथेच होते. भीमा कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ ला त्यांना अटक झाली, त्या खटल्यात तोवर आरोपनिश्चितीही, म्हणजे नेमके कोणते आरोप चालवायचे हे कोर्टाने ठरवणंही, झालेली नव्हती.

मी त्यांना ओळखत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वाटणीचे, वहिवाटीचे, बांधाच्या रस्त्याचे दावे चालवतो. यूएपीएची फाइल माझ्या टेबलावर कधी आलेली नाही आणि गडलिंग यांच्या राजकारणाशी माझं सगळं जुळतं असंही नाही. तरी हे लिहायलाच हवं, कारण यात जे पणाला लागलंय ते एका माणसाच्या सुटकेपुरतं नाही.

आधी त्यांचं काम काय होतं ते बघा. नागपुरात राहून गडचिरोली-गोंदियाकडचे खटले चालवायचे. दलित अत्याचाराच्या केसेस, चकमकीबद्दल शंका घेणाऱ्या याचिका आणि नक्षलवादी म्हणून पकडलेल्या आदिवासी पोरांचे जामीन. ज्यांना ही कोर्टं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आरोपी माडिया बोलतो, त्याचा जबाब मराठीत असतो आणि वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत येतो. नागपूरच्या सेंट्रल जेलपासून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटर, तिथून भामरागड जवळजवळ तेवढंच पुढे. बाप पोराला भेटायला निघाला की मजुरीचे दोन-तीन दिवस बुडतात. एका गुन्ह्यात जामीन झाला की जेलच्या दारातच दुसऱ्या गुन्ह्यात उचलतात. मुंबईचे कार्यकर्ते अरुण फरेरा २०११ मध्ये तर निर्दोष सुटून बाहेर पडत होते, तरी त्यांना तिथेच पुन्हा उचललं होतं. पुढे ते सगळ्या खटल्यांतून सुटले, वकील झाले आणि २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा आत गेले.

असल्या खटल्यांत फी मिळत नाही, वर्तमानपत्रात चांगलं नाव येत नाही आणि पोलिसांशी कायमचं वाकडं होतं. म्हणून असे वकील सगळ्या विदर्भात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक उचलला की मागे किती फायली उघड्यावर पडतात, याची बातमी कुठेच येत नाही. वकीलपत्रावर अंगठा दिलेला माणूस पुढच्या पेशीला उभा राहतो, साहेब विचारतात, 'तुझा वकील कुठंय?' त्याने काय उत्तर द्यायचं?

आता त्यांच्या खटल्याबद्दल. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. पुणे पोलिसांनी तपास केला, जानेवारी २०२० मध्ये तो एनआयए या केंद्राच्या तपास यंत्रणेकडे गेला. आरोप असा की गडलिंग आणि इतर आरोपी माओवाद्यांसाठी काम करत होते. पुराव्याचा मोठा भाग म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सापडलेली पत्रं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीने बचाव पक्षाच्या सांगण्यावरून त्या हार्ड डिस्कची प्रत तपासली. गडलिंग यांचा कॉम्प्युटर फेब्रुवारी २०१६ पासून वीसेक महिने बाहेरच्या कुणाच्या ताब्यात होता आणि किमान १४ आक्षेपार्ह कागद बाहेरून त्यात टाकले गेले, असा त्यांचा अहवाल आहे. एनआयएला तो मान्य नाही.

कुणाचं खरं? हे ठरवायला उलटतपास लागतो. तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारावे लागतात, त्यासाठी खटला सुरू व्हावा लागतो, आणि खटल्यात साक्षीदार तीनशेहून जास्त. तोवर जामीन द्या म्हणावं, तर यूएपीएचं कलम ४३ ड (५) आडवं येतं. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर त्या टप्प्यावर पुरावा खोलात जाऊन तपासायचाही नाही. म्हणजे पुरावा खोटा असल्याचं दाखवायला खटला हवा, खटला उभा राहत नाही आणि तो उभा राहीपर्यंत तुरुंगातून सुटका नाही. या फेऱ्यात याच प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला वारले. वय ८४, आजार पार्किन्सनचा, पाणी पिताना हात थरथरायचा म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागलेला माणूस.

या प्रकरणातल्या एकेका आरोपीला २०२१ पासून जामीन मिळत गेला. गडलिंग यांच्यावर सुरजागडचाही गुन्हा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात लोहखनिज वाहून नेणाऱ्या गाड्या जाळल्या, त्याच्या कटात ते सामील होते म्हणे. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये त्या गुन्ह्यात जामीन नाकारला. त्याच वर्षी अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे तारीख पे तारीख सुरू झाली. २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी सुनावणीतून माघार घेतली. हेच सर्वोच्च न्यायालय १५ ऑक्टोबर २०२२ ला, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी बसलं होतं. साईबाबांची आदल्याच दिवशीची पहिली निर्दोष सुटका थांबवण्यासाठी. सोडलेल्याला आत ठेवायला एक रात्र पुरली. आत असलेल्याच्या जामिनाला दोन वर्षं पुरली नाहीत. मला या व्यवस्थेचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. याच व्यवस्थेच्या आवारात काळा कोट घालून मी रोज उभा असतो.

ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, गडलिंग यांची आई गेली. क्रियाकर्मासाठी तात्पुरता जामीन मागितला, विशेष न्यायालयाने दिला नाही. उच्च न्यायालयाने दिला, पण जुलै २०२१ मध्ये. १३ ते २१ ऑगस्ट, पहिल्या स्मृतिदिनाच्या विधींसाठी. आईच्या मयताला जायचं म्हणून केलेल्या अर्जाचं फळ वर्षभराने हातात पडलं.

आणखी एक गोष्ट वकिलांनी तरी नीट समजून घ्यायला हवी. १७ एप्रिल २०१८ ला गडलिंग यांच्या घरी झडती झाली आणि हार्ड डिस्क गेली. वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये एकट्या वकिलाचं काही नसतं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं, बचावाची दिशा, उलटतपासाचे प्रश्न, सरकारी साक्षीदाराची कच्ची बाजू, सगळं त्यात असतं. तेच आता पोलिसांकडे, आणि सरकार त्याच पक्षकारांविरुद्ध दुसऱ्या कोर्टात उभं. पुढे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना पेगॅसस हेरगिरीचा इशारा दिला, त्यांत गडलिंग यांचे सहकारी वकील निहालसिंग राठोडही होते. म्हणजे वकिलाच्या वकिलाच्या फोनपर्यंत हात पोचला.

मध्यंतरी आमच्या बाररूममध्ये एक म्हातारा आला होता. पोराला कुठल्या तरी मोर्चाच्या प्रकरणात उचललेलं, कलमं मोठी लावलेली. फाइल म्हणून हातात प्लास्टिकच्या पिशवीतले चार कागद, त्यातलाही एक रेशनकार्डाची झेरॉक्स. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. एका ज्युनिअर मुलीने कागद वाचले, वकीलपत्राचा फॉर्म काढला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, यात वकीलपत्र टाकलं तर माझंही नाव कुठं चिकटवतील का हो? घरी काय सांगू?" सनद मिळून दोन वर्षंही झालेली नसतील. मी म्हटलं, टाक, मी तुझ्यासोबत सही करतो. केलीही. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. असला प्रश्न तिच्या मनात यावा एवढ्यासाठीच तर वकिलांना उचलतात.

या राज्यात असं कायम नव्हतं. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचा जामीन दिनशा दावर यांनी मागितला आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी तो अटकेनंतर काही दिवसांतच दिला. तेच दावर १९०८ मध्ये न्यायाधीश म्हणून बसले आणि टिळकांना मंडालेला धाडलं. म्हणजे राजद्रोह्याचा वकील पुढे हायकोर्टाचा जज झाला, आणि तेही इंग्रजांच्या राज्यात! १९१६ मध्ये जिनांनी टिळकांची बाजू मांडून त्यांच्यावरचा चांगल्या वागणुकीसाठी जामीन देण्याचा आदेश रद्द करून घेतला. पुढे १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. पण खटला घेतला म्हणून बाबासाहेबांच्या घराची झडती कुणी घेतली नाही. इंग्रज उदार होते असं मला सुचवायचं नाही. पण आरोपी वेगळा आणि त्याचा वकील वेगळा, एवढी समज त्यांच्याही कोर्टात होती. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना इथे वकिलांबाबत जी तत्त्वं ठरवली, त्यातलं अठरावं हेच सांगतं.

यावर मित्र विचारतात, वकील झाला म्हणून तो कायद्याच्या वर का? मुळीच नाही. वकिलाने गुन्हा केला असेल तर खटला चालवा, सिद्ध करा, शिक्षा द्या. मी तर खटला चालवा हेच ओरडून सांगतोय. सात वर्षं आरोपनिश्चिती न करता आत ठेवणं याला खटला म्हणत नाहीत.

गडलिंग यांच्या याच प्रकरणातल्या सहआरोपी सुधा भारद्वाज यांची वकिली छत्तीसगडची. भिलाईचे कामगार, जमिनी गेलेले आदिवासी हे त्यांचे पक्षकार. त्या तीन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आल्या, पण जामिनाच्या अटी काय? मुंबई सोडायची नाही आणि खटल्याबद्दल माध्यमांशी बोलायचं नाही. तुरुंगातून सुटलेली बाई आपल्या कोर्टापासून आणि पक्षकारांपासून हजारेक किलोमीटर लांब. भिलाईच्या कामगाराच्या दृष्टीने त्या सुटल्या काय आणि न सुटल्या काय!

आणि हे फक्त कोर्टापुरतं नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. जनतेकडून बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. या विधेयकात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा आणि चित्रंही येतात. उद्या एखाद्या शाहिरावर, शिक्षकावर, पोस्ट लिहिणाऱ्या पोरावर हे लागलं तर त्याच्या बाजूने उभं कोण राहणार? बोलण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये छापलेला आहेच. पण तो वापरणाऱ्याला तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्या रिमांडला, संध्याकाळी पाच वाजता, धावत येणारा वकील लागतो. तोच घाबरला तर छापलेलं कलम त्या पोराच्या काय कामाचं?

वकिलांना वाचवायचं ठरवलं तर वाचवता येतं, हे आपण पाहिलं आहे. जून २०२५ मध्ये ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना पक्षकाराला दिलेल्या सल्ल्यावरून समन्स काढलं. दिल्लीतल्या वकील संघटनांनी आवाज उठवला, समन्स मागे घ्यावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला निकालही दिला. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर पक्षकाराची माहिती काढायला वकिलाला समन्स पाठवता येणार नाही, आणि अपवाद असेल तेव्हाही वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल. उत्तम निकाल, मी मनापासून स्वागत करतो. पण दातारांसाठी जी एकजूट झाली ती नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आणि एटापल्लीकडच्या पक्षकारांच्या वकिलासाठी का झाली नाही, हे आपल्या बारला विचारायला नको का?

जानेवारी २०२४ मध्ये राहुरीच्या वकील दांपत्याचा खून झाला तेव्हा राज्यभर आपण काम बंद ठेवलं, लाल फिती लावल्या, वकील संरक्षण कायद्याची मागणी केली. बरोबरच केलं. तो कायदा व्हायलाच हवा. आता बार काउन्सिलच्या निवडणुकीत मतं मागणारा प्रत्येक उमेदवार त्या कायद्याचं आश्वासन देतो. माझ्या बाररूममध्ये जो येईल त्याला मी एवढंच विचारणार आहे: पक्षकाराची केस घेतली म्हणून सरकारनेच उचललेला वकील तुमच्या त्या मसुद्यात बसतो का, आणि बसत असेल तर कोणत्या कलमात? तुमच्याकडे आले तर तुम्हीही विचारा. उत्तर लेखी मागा.