जलराशी, गुरुवार आणि नॉस्ट्राडेमस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही स्वतःच लिहिलंत की चाळीसहून अधिक वर्षं पत्रिका पाहताय, म्हणून काका म्हणते. नॉस्ट्राडेमस या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच भविष्यकाराच्या श्लोकांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया लांब आणि रोखठोक आहे. दोन ओळींत तिला उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, जे कळत नाही त्याला थोतांड म्हणणं सोपं असतं. दोन, फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाचा मृत्यू, फ्रेंच राज्यक्रांतीत पळून जाणाऱ्या सोळाव्या लुई राजाला ज्या गावात पकडलं त्या गावाचं नाव आणि तीन समुद्रांनी वेढलेल्या देशात जन्मणारा, गुरुवार पाळणारा नेता, इतकं सगळं योगायोगाने जुळत नसतं. तीन, आपल्या भविष्यपुराणातही इंग्रजांचं राज्य आधीच लिहून ठेवलं होतं. आणि चार, विश्वासच नाही तर हे श्लोक वाचता कशाला?

चौथ्यापासून सुरुवात करते, कारण तो प्रश्न मला लागला. मी हे श्लोक वाचते कारण ते एका घाबरलेल्या शतकाने लिहिलेले आहेत. मिशेल द नॉस्ट्रेडेम, म्हणजेच नॉस्ट्राडेमस, १५०३ साली दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमी गावात जन्मला. १५४६मध्ये एक्स शहरात प्लेग आला तेव्हा तो तिथे वैद्य म्हणून काम करत होता. त्या दिवसांबद्दल त्याने लिहिलंय की आजारी बायका जिवंतपणीच स्वतःला कफनात शिवून घ्यायला लागत, पायांकडून वर. ही आठवण त्याने कुठे लिहावी? सौंदर्यप्रसाधनं आणि मुरंबे यांच्या कृतींच्या पुस्तकात! असा माणूस जेव्हा ओळीमागून ओळ दुष्काळ, रोग, वेढे, रक्ताळलेल्या नद्या लिहितो, तेव्हा पुढच्या पाचशे वर्षांचं काही त्यात असो वा नसो, त्याचा स्वतःचा काळ पुरेपूर असतो. मला तो काळ वाचायचा असतो. तुमच्या आणि माझ्या वाचनात फरक इथे आहे. थोतांड हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही.

आता हेन्रीचा श्लोक, पहिल्या शतकातला पस्तिसावा. (त्याच्या पुस्तकात ‘शतक’ म्हणजे शंभर श्लोकांचा गट.) आशय असा: तरुण सिंह वृद्धावर मात करील, रणांगणावर, द्वंद्वयुद्धात, सोन्याच्या पिंजऱ्यात त्याचे डोळे फोडील, मग मरण, क्रूर मरण. तो छापला गेला १५५५मध्ये लियॉनला, पहिल्या ३५३ श्लोकांच्या आवृत्तीत. ३० जून १५५९ला पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नांच्या समारंभात भाल्यांचे खेळ झाले. राजाशी खेळणाऱ्या मोंगोमेरी या सरदाराच्या तुटलेल्या भाल्याची ढलपी राजाच्या शिरस्त्राणाच्या फटीतून आत गेली आणि १० जुलैला राजा वारला. वाचताना अंगावर काटा येतो, खरं आहे. माझ्याही आला.

पण काका, पत्रिका पाहताना तुम्ही जन्मवेळ आधी तपासून घेता ना? इथेही वेळच तपासू या. राजा चाळीस वर्षांचा होता. तो खेळ होता, रणांगण नव्हतं. इजा एका डोळ्याला झाली. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते आणि ती मला निर्णायक वाटते. राजा गेल्यावर नॉस्ट्राडेमसने स्वतः ज्या श्लोकाकडे बोट दाखवलं तो हा नव्हताच. तो होता तिसऱ्या शतकातला पंचावन्नावा, ‘ज्या वर्षी फ्रान्सवर एक डोळा राज्य करील’ असा. सिंहाच्या श्लोकाचा हेन्रीशी संबंध छापून जोडला तो त्याच्या मुलाने, सेझारने, १६१४ साली. घटनेनंतर ५५ वर्षांनी! खुद्द कवी हयात असताना, आणि सगळा फ्रान्स त्या मृत्यूबद्दल बोलत असताना, आज जगप्रसिद्ध असलेला हा पुरावा कवीलाही सुचला नव्हता. उलट १५५८च्या जूनमध्ये याच राजाला लिहिलेल्या अर्पणपत्रात तो त्याला ‘अजिंक्य’ म्हणतो.

लुईच्या बाबतीत मात्र तुमच्याशी मी बरीच सहमत आहे. नवव्या शतकातला विसावा श्लोक विलक्षण आहेच. रात्री रानातून येणं, राखाडी वेषातला काळा साधू, ‘व्हारेन’ हे नाव, आणि शेवटी वादळ, आग, रक्त. जून १७९१मध्ये लुई रात्रीच्या अंधारात वेष पालटून पॅरिसमधून निसटला आणि व्हारेनला पकडला गेला. तुम्ही एकटेच चकित झाला नाहीत. भारोपीय दैवतकथांचा थोर अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल, वेदांचा गाढा जाणकार, त्यानेही १९८४मध्ये याच श्लोकावर पुस्तक लिहिलं.

दोनच वर्षांनी, १९८६मध्ये, शांताल लियारुत्सोस या अभ्यासिकेने एक साधं काम केलं. श्लोकातली गावांची नावं तिने शार्ल एस्तिएनच्या १५५२ सालच्या प्रवासमार्गदर्शिकेशी ताडून पाहिली. कुठल्या रस्त्यावर कुठलं गाव लागतं, याची ती यादी. व्हारेनच्या शेजारची श्लोकातली नावं, वोतोर्त, एर्ने वगैरे, तिथे जवळजवळ पानावर एकत्र सापडली. ही गावं पश्चिम फ्रान्समधल्या मायेन भागातली. लुई पकडला गेला ते व्हारेन पार पूर्वेला, आर्गोनमध्ये. फ्रान्समध्ये व्हारेन नावाची गावं बरीच आहेत. श्लोक रचताना कवीच्या टेबलावर रस्त्यांचं पुस्तक उघडं होतं, हे कळल्यावर मला तर तो जास्तच आवडू लागला. काळा साधू कोण, हे मात्र या शोधाने सुटत नाही, आणि ते सुटलंय असा आव मी आणणार नाही.

असं उसनं त्याच्याकडे खूप आहे. अगदी पहिले दोन श्लोक घ्या: रात्री एकांतात, पितळी तिवईवर बसलेला द्रष्टा, ज्योत, पाण्यात बुडवलेली वस्त्राची कड. अनेकांना हे त्याच्या साधनेचं वर्णन वाटतं. ते इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या आयाम्ब्लिकस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून आलंय. ग्रीक मंदिरांत प्रश्न विचारायला येणाऱ्यांना उत्तर देणाऱ्या पुजारिणींचं ते वर्णन आहे.

आता गुरुवार. यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसले, कारण इथे तुमचं ज्ञान माझ्यापेक्षा उपयोगाचं आहे. पहिल्या शतकातला पन्नासावा श्लोक. मराठीत फिरणारा अर्थ: ‘तीन समुद्र मिळतात तिथे तो जन्मेल, गुरुवार पवित्र मानील, त्याची कीर्ती आणि सत्ता वाढेल, पूर्वेकडे त्याचं वादळ उठेल.’ मग तीन समुद्र म्हणजे आपलं द्वीपकल्प, गुरुवार म्हणजे हिंदू, आणि दर निवडणुकीला त्यावर नवा चेहरा बसवला जातो.

पण मूळ फ्रेंचमध्ये समुद्र हा शब्द पहिल्या ओळीत नाही. तिथे ‘जलीय त्रिपुटी’ आहे आणि ती त्या काळच्या ज्योतिषातली रोजच्या वापरातली संज्ञा आहे. तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही: कर्क, वृश्चिक, मीन. जलराशींचा त्रिकोण! पाश्चात्त्य ज्योतिषातही बारा राशी अग्नी, पृथ्वी, वायू, जल अशा चार त्रिकोणांत वाटलेल्या आहेत. नॉस्ट्राडेमस तर पंचांगवजा वार्षिक भविष्यं छापणारा माणूस. दुसऱ्या ओळीतला गुरुवार फ्रेंचमध्येही गुरूचाच, ज्युपिटरचा वार. आता तुम्हीच सांगा, गुरू स्वगृही कुठे? धनेत आणि मीनेत. उच्चीचा कुठे? कर्केत. त्यांचं आणि आपलं ज्योतिष या बाबतीत एकच बोलतं. म्हणजे पहिली आणि दुसरी ओळ एकाच ज्योतिषाच्या एकाच विचारातून आलेली दिसते. हा माझा अर्थ आहे आणि तो तुम्ही खोडून काढू शकता, पण ज्योतिषाच्या आधाराने खोडा, नकाशाच्या नको.

गुरुवार म्हणजे हिंदू, हे आपल्याला इतकं सहज का पटतं, याचाही विचार मी केला. आपल्या घरांत गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. मार्गशीर्षातले महालक्ष्मीचे गुरुवार आहेतच. पण सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा. साऱ्या हिंदूंचा मिळून असा एक वार नाही. दूर लियॉनला छापलेल्या ओळीत आपल्याला आपलं देवघर दिसतं, ही ओढ मी समजू शकते. ती पुरावा म्हणून मात्र चालणार नाही.

भविष्यपुराणाबद्दल थोडंच लिहिते. तुम्ही म्हणता तो भाग प्रतिसर्गपर्वातला, मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापलेल्या पोथीतला. त्यात अकबर आहे, कलकत्ता आहे, ‘विकटावती’ (म्हणजे व्हिक्टोरिया) राणीही आहे. पण रविवारला ‘सण्डे’ आणि फाल्गुनाला ‘फर्वरी’ म्हणतात असं सांगणारा श्लोकही त्यातच आहे. इंग्रजी महिने कानावर पडलेल्या माणसाने रचलेला तो मजकूर आहे, एवढं सांगायला संशोधक लागत नाही. त्याच नावाच्या जुन्या पुराणाचे उल्लेख फार आधीपासून सापडतात, आणि त्याच्याबद्दलचा आदर या भागामुळे कमी करायचं मला कारण दिसत नाही.

तेव्हा मी श्लोक हातात घेते तेव्हा दोन गोष्टी विचारते. हा अर्थ घटनेच्या आधी कुणी छापून ठेवला होता का? आणि १५५५मध्ये लियॉनला हे पुस्तक विकत घेणाऱ्याला या ओळीतून काय कळलं असतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असलेला एक जरी श्लोक तुम्हाला माहीत असेल, तर आकडा कळवा, मी तो मनापासून वाचेन.

आणि एक विनंती. तुम्ही ज्या जुन्या मराठी पुस्तकाचा दाखला दिलात, त्यात पन्नासाव्या श्लोकाच्या शेवटच्या ओळीचा अनुवाद काय आहे? मूळ ओळ, मला कळते तशी, ‘जमिनीवरून आणि समुद्रावरून पौर्वात्यांवर वादळ’ अशी आहे. म्हणजे वादळ पूर्वेतून उठत नाही, पूर्वेवर येतं. मराठीत ही दिशा केव्हा उलटली ते मला शोधायचंय. त्या पानाचा फोटो पाठवलात तर फार मदत होईल.